लाल बटणावरचं कुंकू

आई म्हणायची, हिचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. त्या रविवारी मी तो सकाळपासून गिळून बसले होते, आणि गिळलेला राग पचत नाही हे मला चांगलंच कळत होतं. फरीदाबादहून एक मुलगा आणि त्याची आई मला बघायला येणार होते. दसरा नुकताच होऊन गेला होता. दिल्लीचा उकाडा ओसरला होता, बाल्कनीत उभं राहावंसं वाटेल अशी हवा होती, आणि नेमकी मला बाल्कनीत उभं राहायची मनाई होती. मुलगी वाट बघत बसली आहे असं दिसता कामा नये, असं आईचं मत होतं.

आम्ही तेव्हा वैशालीला नवेनवेच राहायला आलो होतो. बाबांची केंद्र सरकारची नोकरी, त्यामुळे माझं सगळं लहानपण सरकारी क्वार्टरांत गेलं. निवृत्ती जवळ आली तशी बाबांनी दिल्लीची हद्द ओलांडून या नव्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. नवी वस्ती म्हणजे काही इमारती उभ्या, बऱ्याचशा अर्धवट, आणि मध्ये वाळूचे ढीग. लिफ्टसाठी जागा ठेवली होती, लिफ्ट यायची होती. बाजारात मात्र सगळं आलं होतं: रंगीत टीव्ही, वॉशिंग मशीन, परदेशी चॉकलेटं. फक्त ते सगळं चालवायला वीज नसायची. म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आले, आणि त्या इन्व्हर्टरांच्या पुण्याईने मला नोकरी लागली.

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता. नोएडातल्या एका शेडमध्ये इन्व्हर्टर तयार व्हायचे. जे चालायचे नाहीत ते माझ्या टेबलावर यायचे. बिघाड कुठे आहे ते शोधायचं आणि सोल्डर करून दुरुस्त करायचं, हे माझं काम. मला ते मनापासून आवडायचं. माणसं का रुसतात ते कधीच सांगत नाहीत, यंत्रं सांगतात. फक्त प्रश्न ओळीने विचारावे लागतात. वीज इथपर्यंत येते का? येते. इथपर्यंत? येते. इथे? नाही. म्हणजे गडबड या दोघांच्या मध्ये. इतकं सरळ असतं ते.

पण लग्नाच्या बाजारात याला काही किंमत नव्हती. उलट अडचणच होती. आदल्या वर्षी एक स्थळ सगळं जुळत आलेलं असताना मोडलं. मुलाच्या आईने माझ्या बोटांवरचे सोल्डरिंगचे डाग पाहिले आणि मग निरोप आला, की मुलगी कारखान्यात हाताने काम करते हे आम्हाला आधी सांगितलं नव्हतं. आईने तो निरोप मनाला लावून घेतला. या वेळी महाराष्ट्र मंडळातल्या ज्या मावशींनी हे स्थळ आणलं, त्यांना आईने स्वच्छ सांगितलं होतं, "मुलगी ऑफिसात असते म्हणा. तेवढं पुरे." आणि मला बजावलं होतं, वायर, फ्यूज, सोल्डर हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, आणि हात पदराखाली ठेवायचे.

मला लग्न नको होतं अशातला भाग नाही. हवं होतं, आणि मावशींनी दिलेल्या फोटोतला मुलगा मला आवडलाही होता. पण हे असं खोटं सांगून जमलं, तर पुढे जन्मभर हात पदराखाली ठेवून बसावं लागेल, या विचाराने माझा जीव घाबरा व्हायचा. आणि न जमलं तर आई अंथरूण धरेल, हेही दिसत होतं. तर अशा मनःस्थितीत मी स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं पेरत होते.

तेवढ्यात खाली मोटारसायकलचा आवाज आला. आई बाल्कनीत धावली. तिला मनाई नव्हती. लगेच आत येऊन म्हणाली, "अगं, नवी गाडी आहे! दसऱ्याचीच घेतलेली दिसतेय, हार अजून वाळायचाय." आणि तिने ताम्हन काढलं.

नवी गाडी पहिल्यांदा दारात आली की तिला हळदकुंकू लावायचं, ही आईची रीत होती. क्वार्टरमध्ये असताना शेजारच्या शर्मांच्या स्कूटरलाही तिने सोडलं नव्हतं. पण आजची गाडी तर होणाऱ्या जावयाची, निदान आईच्या मनात तरी. तिने तांदळात कुंकू कालवून ओल्या अक्षता केल्या, निरांजन लावलं, आणि सगळं घेऊन तीन मजले उतरली. बाबा मागून नारळ घेऊन गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मुलाची आई खूश दिसत होती. मुलगा हेल्मेट हातात धरून अवघडून उभा होता. आईने पुढच्या दिव्याला कुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं, आणि मग त्याला काहीतरी विचारलं. त्याने हँडलकडे बोट दाखवलं. आई हँडलवर वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. आई कुठलीही गोष्ट मनापासून करायची, म्हणजे भरपूर करायची.

वर आल्यावर जे व्हायचं ते झालं. मी पोहे नेले. मुलगा सोफ्यावर उजवा पाय लांब पसरून बसला होता, आणि ते बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. लोकांच्या घरी पहिल्यांदा यावं आणि असं ऐसपैस पाय पसरून बसावं! बोलायला मात्र बरा होता. ट्रॅक्टरचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. त्याचे वडील सैन्यातून निवृत्त झालेले; ते दसऱ्याला साताऱ्याकडे गावी गेले होते, म्हणून आले नव्हते.

"तुमच्या ऑफिसात काय काम असतं?" त्याने मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "कॉम्प्युटरवर असते ती. एसी आहे ऑफिसला."

आमच्या शेडला एसी सोडाच, धड छप्पर नव्हतं. मी चटईच्या रेघांकडे बघत बसले. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, संपलं. याला मी मुकी आणि मला हा मिजासखोर. चहा झाला, आईने त्याच्या आईची ओटी भरली, आणि पाहुणे उठले. आई-बाबा त्यांना खाली पोचवायला गेले. मला वरच थांबायला सांगितलं होतं. आता बाल्कनीत उभं राहायला हरकत नव्हती.

त्याने हेल्मेट घातलं, आईला मागे बसवलं, किल्ली फिरवली, बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. खर्र नाही, टक नाही, काहीच नाही. सेल्फची, म्हणजे बटणाने सुरू होणारी मोटारसायकल तेव्हा अजून नवलाची होती. आमच्या इमारतीत एकाकडेही नव्हती. त्यामुळे आसपासच्या बाल्कन्यांत लगेच माणसं उभी राहिली. त्याने त्याच्या आईला उतरवलं आणि हॉर्न वाजवून पाहिला. हॉर्न खणखणीत वाजला. माझ्या मनाने माझ्या परवानगीशिवाय नोंद घेतली: बॅटरी चांगली आहे.

खालच्या मजल्यावर एक पंजाबी अंकल राहायचे. कुणाचीही गाडी बंद पडली की ते बनियनवर बाहेर यायचे, तसे आले. "ओ जी, ये बटन-शटन सब दिखावे का है," म्हणाले. "किक मारो, किक! हटो ज़रा." आणि त्यांनी स्वतःच किक मारायला सुरुवात केली. मारून मारून ते घामाघूम झाले. पेट्रोलचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला, गाडी काही सुरू होईना. मग कंबर धरून ते मुलाला म्हणाले, "यार, तू जवान आदमी है, तू मार ना! मैं बुड्ढा लगा हुआ हूँ और तू खड़ा देख रहा है."

वरच्या बाल्कनीतून कुणीतरी हसलं. मुलाने हेल्मेट काढलं.

"अंकल, मुझसे किक नहीं लगती," तो म्हणाला. "घुटने में रॉड है." मग बाबांकडे वळून मराठीत म्हणाला, "काका, दोन वर्षांपूर्वी माझा एक्सिडेंट झाला होता. उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही. म्हणून तर ही बटणाची गाडी घेतली. मावशींनी सांगितलं असेल ना तुम्हाला?"

"नाही," बाबा म्हणाले. "आम्हाला काही बोलल्या नाहीत त्या."

मुलाने त्याच्या आईकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. तशीच म्हणाली, "मीच म्हटलं होतं त्यांना. आधी मुलं एकमेकांना बघू देत, मग सांगू. तुला मात्र हे बोलले नव्हते."

"आई!" एवढंच तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, ते मला वरूनही दिसलं.

माझ्या आईचा चेहरा पडला. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं: लंगडा मुलगा, फसवणूक, पुन्हा सगळं पहिल्यापासून. मला मात्र भलतंच काहीतरी झालं. मला एकदम मोकळं वाटलं. सगळ्या इमारतीसमोर, बनियनवरच्या अंकलसमोर, हा माणूस स्वतःबद्दलची खरी गोष्ट न लाजता बोलला होता. तो पाय पसरून का बसला होता तेही कळलं, आणि मी त्याच्यावर धरलेला राग निघून गेला. मी आत गेले, पलंगाखालून माझी पिशवी ओढली, आणि खाली उतरले.

पिशवीत स्क्रूड्रायव्हर होता, पक्कड होती आणि माझा टेस्ट लॅम्प होता. टेस्ट लॅम्प म्हणजे गाडीच्या इंडिकेटरचा एक छोटा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन लांब वायरी. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला चिकटवायचं, दुसरं जिथे वीज आहे की नाही बघायचं तिथे टेकवायचं. बल्ब लागला की वीज आहे. मी तो घरचा इन्व्हर्टर रुसला की वापरायचे.

आईने पिशवी पाहिली आणि माझा दंड धरला. "वर जा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस?"

"आई, त्यांनी पाय दाखवला," मी म्हटलं. "मी हात दाखवते."

हे जरा मोठ्याने झालं. त्याच्या आईने मान वर केली. मी पदर खोचला आणि गाडीपाशी बसले.

"इंडिकेटर लावा," मी त्याला म्हटलं. त्याने लावला, लागला. "न्यूट्रलचा हिरवा दिवा?" तोही लागला. फ्यूज बघितला, शाबूत होता. त्याने सीटच्या बाजूचं झाकण काढून दिलं आणि स्टार्टरच्या रिलेवर बोट ठेवलं. रिले म्हणजे बटणाचा निरोप मोटारीपर्यंत पोचवणारा छोटासा डबा. मी त्याच्या बारीक वायरला टेस्ट लॅम्प टेकवला.

"बटण दाबा."

"दाबलंय."

बल्ब अंधारा. म्हणजे निरोपच येत नव्हता. गडबड वरच्या बाजूला, हँडलकडे. आम्ही टाकीखालच्या वायरी पाहिल्या, जोड हलवून पाहिले. तो तपासणी विभागातला माणूस असल्याचं कळत होतं. मी एक गोष्ट बघितली की पुढची काय बघायची ते त्याला आधीच ठाऊक असायचं. अर्धं काम आम्ही न बोलताच केलं. मला त्या माणसाची लाज वाटत नव्हती, आणि त्याला माझी वाटत नव्हती, हे मला मधेच जाणवलं आणि मी पुन्हा वायरींकडे बघायला लागले.

आता खरं सांगायचं तर उत्तर आमच्या डोळ्यांसमोर होतं. उजव्या हँडलवर दोन बटणं असतात. खालचं छोटं काळं, ते स्टार्टचं. वरचं मोठं लाल, ते अडीअडचणीला इंजिन एकदम बंद करण्यासाठी. लाल बटण बंद राहिलं की काळं दाबून काही होत नाही, किक मारूनही ठिणगी पडत नाही. कुठलाही मेकॅनिक सगळ्यात आधी तेच बघतो. पण त्या लाल बटणावर आईने कुंकू लावलं होतं. नुसतं बोट टेकवलं नव्हतं, चांगलं थापलं होतं, वर हळद, वर ओल्या अक्षता. गाडी कुठल्या बटणाने सुरू होते असं तिने विचारलं होतं, त्याने हँडल दाखवलं होतं, आणि दोन बटणांतलं मोठं, लाल, ठसठशीत ते महत्त्वाचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

त्याने त्या बटणाकडे पाहिलं. मी पाहिलं. आणि दोघांनीही दुसरीकडे पाहिलं. पूजेचं कुंकू पुसायचं कसं? तेही आज, मुलगी बघायला आलेले असताना? म्हणून आम्ही बॅटरी बघितली, फ्यूज बघितला, रिले बघितला, सगळी गाडी पालथी घातली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

अंकलना असला संकोच नव्हता. "बेटा, ये लाल वाला तो देख लो," म्हणत त्यांनी खांद्यावरचा पंचा पुढे केला.

"नाही! हात मत लगाना!" आई इतक्या जोरात ओरडली की अंकल दोन पावलं मागे सरले.

मी शेवटचा एक प्रयत्न केला. हेडलाइट उघडून मागच्या जुडग्यातल्या लाल बटणाच्या दोन वायरी शोधल्या. बटणात जाणाऱ्या वायरला बल्ब टेकवला, लख्ख लागला. बटणातून बाहेर येणाऱ्या वायरला टेकवला, अंधार. आता शंकेला जागा नव्हती. बिघाड त्या कुंकवाच्या खाली होता.

"आई," मी म्हटलं, "ते काढावं लागेल."

"नको गं." तिचे डोळे भरून आले. "आजच्या दिवशी? तुझ्या हाताने कुंकू पुसायचं? दुसरं काहीतरी असेल, नीट बघ ना."

मी शकुन-अपशकुन फार मानणारी नाही. शेडमध्ये शनिवारी नवं यंत्र लावायला लोक कचरायचे तेव्हा मीच त्यांना हसायचे. पण तिथे, त्या गाडीशी बसून, माझा हात वर होईना. आईचं रडू बघून होत नव्हता, की मलाही आत कुठेतरी हे लग्न जमावं असं वाटायला लागलं होतं म्हणून, ते मला सांगता येणार नाही. बहुतेक दुसरंच. तोही नुसता हँडल धरून उभा होता.

तेव्हा त्याची आई पुढे आली. साताऱ्याकडची बाई, उंच, हाडाने मोठी, आतापर्यंत जेमतेम बोललेली. तिने आपल्या पदराचं टोक हातात घेतलं.

"ताई, रडू नका," ती आईला म्हणाली. "गाडी चालावी म्हणूनच लावलंत ना तुम्ही? मग ते तिच्या वाटेत कशाला येईल?" आणि पदर बटणाखाली धरून तिने दुसऱ्या हाताने कुंकू, हळद, अक्षता सगळं अलगद पदरात ओढून घेतलं. नेसूचं चांगलं रेशमी लुगडं, त्याची तिने पर्वा केली नाही. मग पदराची गाठ मारली आणि आईला दाखवली. "हे बघा. पुसलं नाही. पदरात घेतलं."

आईने डोळ्याला पदर लावला. बाबा उगाचच खाकरले. मी घाईघाईने स्क्रू उघडले.

आत, लाल बटणाच्या बिजागरीत, दोन तांदळाचे दाणे पाचरीसारखे बसले होते. आईने अंगठा दाबला तेव्हा बटण बंदकडे गेलं असणार, आणि दाणे आत घसरले असणार. वरून सुरू दिसत होतं, पण पूर्ण मागे येतच नव्हतं. मी केसातला आकडा काढला आणि दाणे उकरले. ओले होऊन ते फुगलेही होते. बटण आपसूक टक करून जागेवर आलं. तो आवाज मला अजून आठवतो; त्या दिवसातला सगळ्यात गोड आवाज होता तो.

"दाबा," मी म्हटलं.

त्याने दाबलं, आणि गाडी एका दमात सुरू झाली. बाल्कन्यांतून टाळ्या पडल्या. अंकल म्हणाले, "बल्ले! कुड़ी इंजिनियर है!" आणि किकचं सगळं विसरून त्यांनी मुलाशी हात मिळवला. आई आधी त्या दाण्यांकडे बघत राहिली, मग तिला एकदम हसू फुटलं. "करायला गेले गणपती आणि झाला मारुती," ती म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. बाबाही हसले. मला इतकं हलकं वाटत होतं की मी तशीच जमिनीवर बसून राहिले.

पण अजून एक गोष्ट राहिली होती, आणि ती आता राहू देणं मला शक्य नव्हतं. मी उठले, कुंकवाने आणि ग्रीसने भरलेले हात त्याच्या आईसमोर धरले. "काकू, मी ऑफिसात नसते," म्हटलं. "शेडमध्ये असते. बिघडलेले इन्व्हर्टर दुरुस्त करते. हे डाग त्याचेच आहेत."

"ते दिसलं की मघाशी," ती म्हणाली. "सांगायला कशाला हवं?" आणि मग आईकडे वळून, "ताई, आपण दोघी एकाच शाळेतल्या दिसतोय. चला, पोरांना जरा बोलू दे." तिने आईचा हात धरला आणि तिला जिन्याच्या पायरीवर नेऊन बसवलं. बाबा अंकलना घेऊन बाजूला झाले.

तो गाडीपाशी उभा होता. इंजिन चालूच होतं.

"बंद करू?" त्याने विचारलं.

"नको. बॅटरी थोडी भरू दे."

तो हसला. घरात सोफ्यावर बसून बोलायचे सगळे प्रश्न मला पाठ होते, पण ते बघायला आलेल्या मुलाला विचारायचे होते. या माणसाला विचारायला माझ्याकडे एकच प्रश्न होता.

"दुखतो का फार?"

"थंडीत दुखतो. एरवी नाही. पळता येत नाही, मांडी घालून बसता येत नाही. जिने चढतो, पण दोन मजले झाले की जरा थांबावं लागतं."

मी वर पाहिलं. आमची बाल्कनी तिसऱ्या मजल्यावर होती, आणि तो माझ्या आईच्या बरोबरीने वर आला होता. "मग मघाशी थांबला नाहीत?"

"नाही," तो म्हणाला. हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिला. "वाटलं, तुम्ही वरून बघत असाल."

मला त्याचा राग आला. खरंच आला, नेहमीसारखाच, नाकाच्या शेंड्यावर. कुणासाठी एवढं सोसायचं? ज्या मुलीला अजून पाहिलंही नाही तिच्यासाठी?

"पुढच्या वेळी थांबत या," मी म्हटलं.

बोलून गेले आणि मग मला कळलं मी काय बोलले ते. त्यालाही कळलं. मी शब्द परत घेतले नाहीत. पायरीवरच्या दोघी आया अचानक बोलायच्या थांबल्या होत्या.

"येईन," तो म्हणाला.